संकरित द्राक्षाची वाइन: आधी बाटलीवर नाव लिहा, मग कृती बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या वाइनवर काही छापून आले की शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों ही ठरलेली नावे आलटूनपालटून येतात. अलीकडे त्यांच्या जोडीला ‘देशी’, ‘संकरित’ आणि ‘रोगप्रतिकारक’ हे शब्दही ऐकू येऊ लागले आहेत. बागायतदार विचारतो, लावू का? वायनरीवाला विचारतो, खपेल का? पिणारा विचारतो, हिला द्राक्षाच्या गोळीसारखा वास का येतो? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची मेख एकाच ठिकाणी आहे. द्राक्ष बदलले, पण बागेतली कामे आणि टाकीतली कृती कॅबर्नेचीच ठेवली. मग वाइन बिघडते आणि दोष द्राक्षाच्या माथी मारला जातो.

आधी शब्दांचा घोळ. वाइनसाठी पिकवले जाणारे मूळ भारतीय द्राक्ष आपल्याकडे नाही. सह्याद्रीत रानद्राक्षाच्या वेली दिसतात. त्या द्राक्षाच्याच कुळातल्या, पण ‘व्हिटिस’ या प्रजातीगटातल्या नव्हेत. थॉमसन ही बिनबियांची जात येण्याआधी नाशिकमध्ये होत्या त्या भोकरी, फकडी, साहेबी या जाती जुन्या खऱ्या, पण त्याही ‘व्हिटिस व्हिनिफेरा’ म्हणजे युरोप-पश्चिम आशियातल्या द्राक्षाच्याच. जगाच्या वाइन धंद्यात ‘नेटिव्ह’ म्हणतात ते अमेरिकेतल्या मूळ प्रजातींना: लॅब्रुस्का, रायपॅरिया, रुपेस्ट्रिस, एस्टिव्हॅलिस वगैरे. काँकॉर्ड, कटाबा, इझाबेला ही नावे लॅब्रुस्काच्या घरातली, जरी त्यांच्यातही व्हिनिफेराचा थोडा अंश आहे. अमेरिकन प्रजाती आणि व्हिनिफेरा यांचा मुद्दाम केलेला संकर म्हणजे हायब्रिड. सेव्हाल ब्लां, विदाल, शाम्बुर्सां ही त्यातली फ्रेंच पैदाईश. हा संकर परागकण हाताने टाकून होतो. त्याचा जनुकबदलाशी संबंध नाही. हे लिहावे लागते, कारण गावच्या बैठकीत पहिला आक्षेप हाच येतो.

आपल्या देशात या घराण्याची सर्वांत जुनी ओळख म्हणजे बंगलोर ब्लू. ती इझाबेलाच. बंगळुरूच्या आसपास मांडवावर पिकते आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. तिच्यावरून हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का श्याम, अर्का तृष्णा, अर्का हंस या जाती काढल्या. अर्का श्याममध्ये बंगलोर ब्लू आणि ब्लॅक चंपा, अर्का हंसमध्ये बंगलोर ब्लू आणि अनाब-ए-शाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटाबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ दिली. ती बियांची, रसाळ, छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत तयार होणारी आणि बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी दाद न देणारी आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिका ही पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्यातून आली. तिचा गरसुद्धा लाल असतो आणि ती रसासाठी आहे. इथे एक सावधगिरी हवी. नावापुढे ‘संकरित’ लागले म्हणजे अमेरिकन रक्त आहेच असे नाही. अर्का कांचन हा अनाब-ए-शाही आणि क्वीन ऑफ द व्हिनयार्ड्स या दोन व्हिनिफेरांचा संकर आहे. तिच्याकडून केवडा या बुरशीजन्य रोगाला प्रतिकाराची अपेक्षा ठेवून फवारणी सोडणारा पस्तावेल. रोपवाटिकेत रोप मागताना जातीच्या नावाबरोबर आई-बापही विचारावेत.

या वेलींना परके म्हणणाऱ्यांनी आपल्या बागेच्या बुडाशी वाकून पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपच्या बागा खाल्ल्या, तेव्हापासून जगभर व्हिनिफेरा अमेरिकन खुंटावर, म्हणजे अमेरिकन मुळांवर कलम करून, भरली जाते. आपल्याकडे क्षारट पाणी आणि पाण्याचा ताण यांमुळे डॉगरिज आले. ते चॅम्पिनी या अमेरिकन प्रजातीचे. वाइनच्या बागांत ११०-आर हा खुंट दिसतो. तो बर्लान्डिएरी आणि रुपेस्ट्रिसचा संकर. म्हणजे निफाड-दिंडोरीतली बहुतेक कलमी बाग जमिनीखाली अमेरिकन आणि जमिनीवर युरोपीय अशीच उभी आहे. इतकी वर्षे जे मूळ चालले, त्याचे फळ पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही.

लॅब्रुस्काचे रक्त ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पान उलटे करा. खालची बाजू पांढुरक्या किंवा तपकिरी लवेने नमद्यासारखी भरलेली दिसते. मग काडीवरच्या बाळ्या, म्हणजे तणावे, मोजा. व्हिनिफेरात दोन पेरांवर तणावा आणि तिसऱ्यावर काही नाही, असा क्रम असतो. लॅब्रुस्कात तो सलग पेरापेरावर येतो. आणि मणी चिमटीत दाबला की साल बोटांत राहते, गर गोळीसारखा सुटून तोंडात जातो. ही शेवटची खूण वायनरीत फार महागात पडते, तिच्याकडे पुढे येतोच.

बागेत पहिली चूक वळणाची. कॅबर्नेची काडी सरळ वर चढते, म्हणून ती उभ्या तारांवर छान बसते. लॅब्रुस्काच्या काड्या लोंबतात. त्यांना उभ्या तारांत कोंबले की पानांचा गठ्ठा होतो, घड सावलीत जातात, भुरीला (पांढऱ्या बुरशीच्या रोगाला) आयतेच घर मिळते आणि रसात पोटॅशियम व सामू (पीएच) दोन्ही वाढतात. अमेरिकेत काँकॉर्डसाठी दुहेरी पडद्याची जिनिव्हा पद्धत निघाली ती याच कारणाने. आपल्याकडची वाय पद्धत किंवा मांडव यांवर या काड्या आपसूक मोकळ्या राहतात. नवा खर्च नको, फक्त विरळणी वेळेवर हवी. या जातींच्या उपडोळ्यांतूनही घड येतात. सगळे ठेवले की ओझे होते, साखर चढत नाही आणि पुढच्या वर्षी काडी बारीक निघते. फुलोऱ्याआधीच काडीमागे एक किंवा फार तर दोन घड ठेवून बाकीचे काढावेत.

दुसरी चूक ‘रोगप्रतिकारक’ या शब्दाची. ऑक्टोबरच्या गोडी, म्हणजे फळासाठीच्या, छाटणीनंतर पोंग्यापासून (कोवळ्या फुटीपासून) फुलोऱ्यापर्यंत पाऊस आला की थॉमसनवाल्याची झोप उडते. तिथे या जातींचा खरा फायदा आहे, केवड्याच्या फवारण्या कमी होतात. कमी म्हणजे शून्य नव्हे. करपा येतो, आणि फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसाने भरगच्च घडातला एक मणी फुटला की घडकूज सगळ्यांसारखीच होते. दुसरे म्हणजे, गंधक. भुरीसाठी आपण डोळे झाकून ८० टक्के गंधक मारतो. काँकॉर्डसारख्या काही लॅब्रुस्का आणि शाम्बुर्सांसारख्या काही हायब्रिड जातींची पाने गंधकाने करपतात. नव्या जातीवर आधी दहा-बारा वेलींवर फवारून आठवडाभर पाने पाहावीत, मगच पंप भरावा. १ टक्का बोर्डोचेही (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचेही) तसेच. शिवाय वाइनच्या घडावर काढणीआधी ३५ दिवसांत गंधक नको. सालीवर उरलेले गंधक यीस्ट खाते आणि टाकीतून सडक्या अंड्याचा वास येतो. मग वायनरी आणि शेतकरी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

काढणीचा मुद्दा सर्वांत नाजूक. लॅब्रुस्काचा जो प्रसिद्ध ‘फॉक्सी’ वास आहे, त्यामागे मुख्यतः मिथाइल अँथ्रानिलेट हे द्रव्य असते. द्राक्षाच्या गोळ्या-पेयांत कृत्रिम वासासाठी हेच वापरतात, म्हणून पिणाऱ्याला गोळी आठवते. त्याच्याबरोबर स्ट्रॉबेरीची आठवण देणारे फ्युरॅनिऑलही असते. मिथाइल अँथ्रानिलेट पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात झपाट्याने वाढते. कॅबर्नेच्या सवयीने २४ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) वाट पाहणारा नेमका तोच वास पिकवत असतो. लॅब्रुस्का रक्ताची जात १८ ते २० ब्रिक्सला काढावी. २० ब्रिक्समधून साधारण साडेअकरा टक्के मद्यार्क मिळतो. गुलाबी किंवा हलक्या लाल वाइनला तेवढा पुष्कळ झाला. कमी पडलाच तर हिशेब सोपा आहे. एक टक्का मद्यार्कासाठी लिटरला १७ ग्रॅम साखर, म्हणजे १०० लिटरला १ किलो ७०० ग्रॅम. पण साखर ओतून पाच टक्के चढवणे म्हणजे वाइन नव्हे, सरबताला चढवलेली झिंग.

एकट्या ब्रिक्सवर निर्णय घेऊ नये. बागेच्या दोन्ही बाजूंचे, वरच्या-खालच्या घडांचे मिळून २०० मणी गोळा करून रस काढा, आणि ब्रिक्स, सामू व एकूण आम्लता तिन्ही मोजा. आम्लतेसाठी १० मिली रस आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. जितके मिली लागले त्याला ०.७५ ने गुणले की लिटरमागे टार्टारिक आम्लाचे ग्रॅम मिळतात. १२ मिली लागले तर ९ ग्रॅम. लाल रसात फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग दिसतच नाही, तिथे सामूमापक ८.२ दाखवीपर्यंत थेंब टाकावेत. काढणी पहाटे. क्रेट बारापर्यंत उन्हात थांबली की गर तापतो, सालीतून रस पाझरतो आणि टाकी भरण्याआधीच रानटी यीस्टचे काम सुरू होते.

आता टाकी. एक टन द्राक्ष चिरडताना ९० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून घातले की साधारण ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) गंधक डायऑक्साइड होतो. फळ निरोगी असेल आणि पुढे मॅलोलॅक्टिक (जिवाणूंकडून मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करून घेणे) करायचे असेल तर ५० ते ६० ग्रॅमवर थांबावे.

मघाची सुटी साल इथे त्रास देते. गर पेक्टिन या चिकट पदार्थाने बुळबुळीत असतो. प्रेस चालू केला की लगदा जाळीवर शेवाळासारखा बसतो, दाब वाढतो आणि रस मात्र थेंबथेंब. नवशिका दाब वाढवत नेतो. त्याने बिया चिरडतात आणि वाइन कडू होते. उपाय दोन, आणि दोन्ही एकदम हवेत. चिरडल्यावर लगेच पाकिटावरच्या मात्रेत पेक्टिनेज (पेक्टिन फोडणारे विकर) घालून २ ते ४ तास द्यावेत. आणि प्रेसमध्ये लगद्याच्या वजनाच्या एक टक्का भाताचे तूस मिसळावे, म्हणजे टनामागे १० किलो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात ते मुबलक मिळते. मात्र गिरणीतून आणलेले तसेच टाकायचे नाही. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुऊन, निथळून घ्यावे. न धुतलेल्या तुसाची धूळ आणि पोत्याचा वास गुलाबी वाइनमध्ये स्पष्ट येतो. एवढे करूनही टनामागे ६०० लिटरच्या आसपासच धरावे.

पेक्टिनवरून मिथेनॉलची भीती निघते, ती इथेच मिटवू. पेक्टिन फुटताना थोडे मिथेनॉल सुटते, आणि लॅब्रुस्कात पेक्टिन जास्त म्हणून ते थोडे जास्त सुटते, हे खरे. पण ही मात्रा लिटरला मिलिग्रॅममध्ये असते. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेची मर्यादा लालसाठी ४०० आणि पांढऱ्या-गुलाबीसाठी २५० मिलिग्रॅम आहे. नीट केलेल्या वाइनला ती पाळणे अवघड नाही. लगदा पाणी घालून दुसऱ्यांदा आंबवण्याचा मोह मात्र टाळावा. हातभट्टीच्या विषबाधेशी याची तुलना करणारे मजकूर अधूनमधून छापले जातात, त्यांना शास्त्राचा आधार नाही.

यीस्ट १००० लिटरला २५० ग्रॅम. ते अडीच लिटर ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटे भिजवावे आणि टाकीतल्या रसाचा थोडाथोडा भाग घालून तापमान खाली आणावे. विरजण आणि रस यांच्यात १० अंशांहून जास्त फरक असला की निम्मे यीस्ट धक्क्यानेच जाते. लॅलविनचे ७१बी या कामाला चांगले, कारण ते मॅलिक आम्लाचा काही भाग स्वतःच खाते, आणि संकरित द्राक्षात जादा आम्लता असते ती बहुधा मॅलिकची. नायट्रोजन मोजूनच द्यावा. १००० लिटरला १०० ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट घातले की यीस्टला उपलब्ध नायट्रोजन लिटरमागे सुमारे २१ मिलिग्रॅमने वाढतो. रसात १२० असेल आणि २०० हवा असेल तर ३८० ग्रॅम लागेल. निम्मे आंबवण सुरू झाल्यावर, निम्मे साखर एक तृतीयांश उतरल्यावर. त्यानंतर घातलेले यीस्ट घेत नाही, ते जिवाणूंसाठी शिल्लक राहते. अंड्याचा वास आलाच तर पहिल्या दोन दिवसांतच हवा देत वाइन टाकी बदलून घ्यावी. उशीर झाला की तो वास कांदा-लसणाच्या वासात बदलतो आणि मग लासलगावची आठवण बाटलीभर राहते.

लाल करायची असेल तर कॅबर्नेसारखे पंधरा दिवस सालीवर ठेवून काही मिळत नाही. बऱ्याच वायनऱ्या हरतात त्या इथेच. संकरित द्राक्षाच्या गरात आणि सालीत प्रथिने जास्त असतात. सालीतून टॅनिन निघते आणि या प्रथिनांना चिकटून गाळात बसते. वरून टॅनिनची पूड घातली तरी तिचीही तीच गत. रंग गडद जांभळा, घोट मात्र पाणचट. दिसायला शिराझ, प्यायला सरबत, अशी तक्रार येते ती यामुळेच. त्यामुळे सालीवर ४ ते ५ दिवस, २५ अंशांच्या आसपास, दिवसातून तीनदा वर तरंगणाऱ्या सालींची टोपी बुडवून, ५ ब्रिक्स उरले असताना प्रेस. अंग हवे असेल तर नंतर शिराझ मिसळावी. १०० मिलीच्या चार नळकांड्यांत ५, १०, १५, २० मिली शिराझ घालून, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखून मग टाकीचा हिशेब करावा.

आमचे मत विचाराल तर लॅब्रुस्का रक्ताच्या द्राक्षाची खरी जागा गुलाबी, किंचित गोड आणि फसफसती वाइन ही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत ओहायो नदीकाठी निकोलस लाँगवर्थने कटाबाची फसफसती वाइन करून नाव कमावले. एआरआय-५१६ त्याच कटाबाची लेक आहे. सालीचा संपर्क २ ते ६ तास, प्रेस, १० ते १२ अंशांवर २४ तास गाळ बसू देणे, आणि १४ ते १६ अंशांवर सावकाश आंबवण. एवढ्या थंडीत वास नेटका राहतो, अंगावर येत नाही. वास फारच उग्र असेल तर सक्रिय कोळसा वापरता येतो, पण तो रंगही नेतो. आधी एक-एक लिटरच्या चार बाटल्यांत वेगवेगळी मात्रा पाहूनच.

आम्लतेला हात लावण्यापूर्वी सामू पाहावा. आम्लता ९ आणि सामू ३.२ असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ०.९ ग्रॅम घातल्यावर आम्लता सुमारे १ ग्रॅमने उतरते. पण ते टार्टारिक काढते, मॅलिकला हात लावत नाही. आम्लता ९ आणि सामू ३.७ असे दोन्ही वर असतील, आणि सावलीतल्या, जोमदार खुंटावरच्या बागेत असे होते, तर पावडर घालणे म्हणजे आगीत तेल. तिथे दुसऱ्या, कमी सामूच्या वाइनशी मिसळणे हाच मार्ग.

लाल वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक जरूर करावे. १ ग्रॅम मॅलिकचे सुमारे ०.६७ ग्रॅम लॅक्टिक होते आणि धार बोथट होते. तापमान १८ ते २२ अंश, मुक्त (कशाशी न जोडलेला) गंधक डायऑक्साइड १० पीपीएमच्या खाली. अर्धवट झालेले मॅलोलॅक्टिक उन्हाळ्यात बाटलीत पूर्ण होते आणि एप्रिलमध्ये दुकानातली बुचे वर येतात. गोडसर वाइनमध्ये उलट काळजी. पुन्हा आंबू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घालतात, पण त्या वाइनमध्ये लॅक्टिक जिवाणू जिवंत असतील तर सॉर्बेटचे रूपांतर होऊन जिरेनियमची पाने चुरल्यासारखा वास येतो. तो कशानेही जात नाही. म्हणून सॉर्बेट घालायचे तर मॅलोलॅक्टिक नाही, गंधक डायऑक्साइड पुरेसा, आणि ०.४५ मायक्रॉनची गाळणी.

गंधक डायऑक्साइडची मात्रा सामूवर ठरते, सवयीवर नाही. सामू ३.२ असेल तर मुक्त २१ पीपीएम पुरतो, ३.४ ला ३२, ३.६ ला ५०, आणि ३.८ ला ७९. म्हणजे सामू सैल सोडला की संरक्षणासाठी चौपट रसायन लागते. गडद संकरित वाइनमध्ये आयोडीनची रिपर चाचणी फसवते, कारण रंगद्रव्यांनी धरलेले गंधकही ती मुक्त म्हणून मोजते. हवा फुंकून करायची चाचणी भरवशाची. प्रथिने जास्त असल्याने ती ओढून घेणारी बेंटोनाइट माती लागतेच, आणि बाटलीत टार्टरेटचे खडे नकोत तर शून्याखाली दोन ते चार अंशांवर दोन आठवडे थंडी द्यावी. बाटल्या वर्ष-दीड वर्षात संपवाव्यात. या वाइनला ओकच्या पिंपात म्हातारे करण्यात अर्थ नाही. १० अंशांना थंड करून, तर्रीदार मिसळीसमोर ठेवून पाहा. कॅबर्नेला तिखटापुढे जे जमत नाही ते ही किंचित गोड गुलाबी करून जाते.

आता ‘युरोपात यांना बंदी आहे’ या वाक्याबद्दल. फ्रान्सने १९३४ साली नोआ, ऑथेलो, इझाबेला, जाकेझ, क्लिंटन आणि हर्बेमाँ या सहा जातींवर बंदी आणली, आणि युरोपीय संघाच्या नियमांत ती आजही आहे. त्या वेळी फ्रान्समध्ये वाइनचे अतोनात उत्पादन झाले होते, हे लक्षात घेतले की बंदीचा अर्थ उलगडतो. पण सर्व संकरित द्राक्षे म्हणजे या सहा नव्हेत. २०२१ च्या सुधारणेनंतर युरोपीय संघाने व्हिनिफेरा आणि इतर प्रजातींच्या संकरांना संरक्षित नावाच्या वाइनमध्येही वाट मोकळी केली. कारण उघड आहे, फवारण्या कमी करायच्या आहेत. अमेरिकेत तर मिझुरीत नॉर्टन हे एस्टिव्हॅलिस वंशाचे द्राक्ष प्रतिष्ठेने पिकते, आणि तिथला ऑगस्टा हा देशातला पहिला मान्यताप्राप्त वाइन विभाग १९८० साली ठरला, नापाच्याही आधी.

मात्र निर्यात करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. लाल संकरित वाइनमध्ये माल्व्हिडिन डायग्लुकोसाइड हे रंगद्रव्य असते, व्हिनिफेरात ते नसल्यात जमा. आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला १५ मिलिग्रॅम आहे. शिराझच्या टाकीत रंगासाठी गुपचूप थोडी संकरित वाइन सोडली तर ती प्रयोगशाळेत लपत नाही. एका कंटेनरसाठी सगळ्या खोऱ्याचे नाव जाते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. ते मिरवायचे तर बाटलीत कुठले द्राक्ष आहे हे सांगायची तयारी हवी. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन ठेवण्यावरून राज्यभर गदारोळ झाला. त्यात बाटली कुठे विकायची यावर सगळे बोलले, बाटलीत काय आहे हे फारसे कोणी विचारले नाही. हंगामाच्या शेवटी उरलेला, जिब्रेलिक अ‍ॅसिडने फुगवलेला खाण्याचा थॉमसन टाकीत ओतून वर नुसते ‘व्हाइट वाइन’ लिहिणे, यापेक्षा उघडपणे संकरित द्राक्ष लिहिणे केव्हाही बरे.

शेतकऱ्यांना सांगणे एवढेच की लेखी करार हातात आल्याशिवाय अर्धा एकरही लावू नये. २००८ नंतरच्या मंदीत वाइनच्या कितीतरी बागा उपटल्या गेल्या. थॉमसनला निदान बेदाण्याचा आधार असतो, बियांच्या लाल संकरित द्राक्षाला वायनरी किंवा रसाचा कारखाना सोडून गिऱ्हाईक नाही. करारात दर नुसता ब्रिक्सवर बांधू नये, नाहीतर शेतकरी साखरेसाठी घड ठेवत राहील आणि वायनरीला नेमका नको तो वास मिळेल. १८ ते २० ब्रिक्स, सामू ३.५ च्या आत, काढणीआधी ३५ दिवस गंधक नाही, आणि माल घ्यायची तारीख वायनरी किती दिवस आधी कळवणार, या चार गोष्टी कागदावर हव्यात.

वायनऱ्यांनी पहिल्या वर्षी एकच टाकी, १००० लिटरची, करावी. संशोधन संस्थांनी नाशिकच्या मातीतल्या प्रायोगिक वाइनचे आकडे, बिघडलेल्या टाक्यांसकट, मराठीत खुले करावेत. आणि मागच्या लेबलवर एवढा मजकूर असावा: ‘द्राक्ष: एआरआय-५१६, कटाबा व ब्यूटी सीडलेसचा संकर. बाग: निफाड तालुका. काढणी: फेब्रुवारी, १९ ब्रिक्स. उर्वरित साखर: लिटरला १२ ग्रॅम. थंड करून, वर्षाच्या आत प्यावी.’

आपले,
द्राक्ष बागायत आणि वाइन प्रक्रियेत काम करणारे काही तंत्रज्ञ,
नाशिक